कुलूप किती दिवस?

पैसे देऊन कॉम्प्युटर गेम घेणाऱ्याला गेमबरोबर एक कुलूपही मिळतं. फुकट प्रती निघू नयेत म्हणून कंपनीने ते घातलेलं असतं. धंद्यात त्याला डीआरएम म्हणतात. चोरी करणारा हे कुलूप तोडतो, आणि मग त्याच्याकडे कुलूप नसलेली प्रत असते. पैसे देणाऱ्याकडे मात्र कुलूप तसंच राहतं. यावरून गेम खेळणाऱ्यांत आणि बनवणाऱ्यांत बरीच वर्षं वाद चालू आहे, आणि दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात. तो वाद नीट मांडता यावा म्हणून मी इथे दोन माणसं उभी केली आहेत. मामा सांगलीचे, बँकेतून निवृत्त झालेले, पदरचे पैसे घालून गेम घेणारे. भाची पुण्यात एका लहान गेम स्टुडिओत प्रोग्रामर. माणसं कल्पित आहेत, त्यांच्या बोलण्यात येणाऱ्या घटना घडलेल्या आहेत. मधे मीही बोलेन, कारण या वादात मी तटस्थ नाही.

मामा: माझ्या कपाटात वीस वर्षांपूर्वीच्या गेमच्या सीडी आहेत. डबे शाबूत, सीडीवर ओरखडा नाही, आत छापलेली सीडी-कीसुद्धा अजून वाचता येते. परवा नव्या लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडून त्यातली एक घातली. इन्स्टॉल झाली, पण गेम काही उघडेना. आमच्या शेजारच्या मुलाने तोच गेम टॉरेंटवरून फुकट उतरवला, तर त्याच्याकडे लगेच चालू झाला. आता मला सांग, पैसे कुणी दिले होते?

भाची: त्यावर सेफडिस्क असणार, मामा. त्या काळात बऱ्याच सीडींवर ते असायचं. सीडी अस्सल आहे की नाही हे तपासायला विंडोजमध्ये एक ड्रायव्हर लागायचा. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० आणलं, तेव्हा तो ड्रायव्हर काढून टाकला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जुन्या विंडोजवरही अपडेट देऊन तो बंद केला.

मामा: का काढला?

भाची: धोकादायक होता म्हणून. २००७ मध्ये त्याच ड्रायव्हरमधली एक फट सापडली होती. तिच्यातून कॉम्प्युटरचा पूर्ण ताबा मिळवता यायचा, आणि तसे हल्लेही झाले होते. मायक्रोसॉफ्टला त्या वर्षी डिसेंबरमध्ये ती बुजवणारा पॅच द्यावा लागला.

मामा: म्हणजे चोरी थांबवायला माझ्या मशीनवर जे बसवलं, त्यातूनच दुसऱ्या चोरांना वाट मिळाली. आणि पुढे ते काढलं, तर माझा गेमही गेला. या दोन्ही वेळा कंपनीचं काय गेलं?

भाची: त्या वेळी कंपनीचं काहीच गेलं नाही, कारण तोवर त्या गेमची विक्री कधीच संपली होती. तुमचं म्हणणं मला पटतं. पण मामा, तुम्ही सगळी गोष्ट शेवटाकडून बघताय. मी सुरुवातीकडून सांगू?

मामा: सांग.

भाची: गेम बनवायला आम्हाला तीन-चार वर्षं लागतात. तेवढी वर्षं पगार, भाडं, मशीन, संगीत, आवाज, चाचण्या, सगळा खर्चच. कमाई सुरू होते ती गेम बाजारात येईल त्या दिवशी, आणि तिचा मोठा वाटा पहिल्या काही आठवड्यांत येतो. नंतर सेल लागतात, किंमत उतरते. त्या पहिल्या आठवड्यांत गेम क्रॅक झाला, म्हणजे त्याचं कुलूप तोडलं गेलं, तर काय होतं याचा हिशोब नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विल्यम व्होल्कमन या संशोधकाने मांडलाय. डेनुवो नावाचं कुलूप असलेले ८६ गेम त्याने तपासले, २०१४ ते २०२२ या काळातले. गेम पहिल्याच आठवड्यात क्रॅक झाला, तर कंपनीचं उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी घटतं, असं त्याला दिसलं. मोठी कंपनी २० टक्के सोसते. आमच्यासारख्यांचा पुढचा गेमच होत नाही.

मामा: पण फुकट खेळणारा प्रत्येक जण एरवी विकत घेणारच होता, हे कशावरून?

भाची: मुळीच नाही. तसं कुणी म्हणत असेल, तर ते खोटं आहे. शंभर चोरीच्या प्रती म्हणजे शंभर गमावलेली गिऱ्हाइकं, असा हिशोब कंपन्यांनी बरीच वर्षं केला, आणि त्यामुळेच लोकांचा आमच्यावरचा विश्वास उडाला. हा अभ्यास मला पटतो तो त्याचसाठी. तो चोरीच्या प्रती मोजत नाही. क्रॅक झालेल्या आणि न झालेल्या गेमची विक्री कशी वेगळं वळण घेते, ते तो बघतो. शंभर रुपयांच्या कमाईतले वीस खरे गेले, हे मला मान्य करण्याजोगं वाटतं. आणि वीस थोडे नाहीत.

*

इथे थोडं मागे जातो. कुलपाचा त्रास प्रामाणिक गिऱ्हाइकालाच होतो ही तक्रार इंटरनेटच्या आधीपासूनची आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये स्पेक्ट्रम नावाचा घरगुती कॉम्प्युटर लोकप्रिय होता. त्याच्यासाठी ‘एलीट’ हा गेम आला, तेव्हा कॅसेटसोबत लेन्सलॉक नावाचं एक छोटं प्लॅस्टिकचं भिंग यायचं. पडद्यावर अक्षरं विस्कटून दाखवली जायची, आणि हे भिंग टीव्हीच्या काचेला लावून ती वाचायची. टीव्ही फार मोठा किंवा फार लहान असला, तर अक्षरं जुळायचीच नाहीत. काही खोक्यांत तर चुकून दुसऱ्याच गेमचं भिंग गेलं होतं. ज्यांनी पैसे मोजले होते, ते टीव्हीसमोर डोळे ताणत बसले. पुढच्या चाळीस वर्षांत भिंगाच्या जागी सीडी-की आली, मग ड्रायव्हर आला, मग सर्व्हर आला. त्रास कुणाला होणार, हे मात्र तेव्हाच ठरून गेलं होतं.

*

मामा: तुझा २० टक्क्यांचा हिशोब मी खोडत नाही. पण कंपन्यांनी तो वाचवायला काय काय केलं, ते ऐक. २००८ मध्ये ‘स्पोर’ आला. सिम्स बनवणाऱ्या विल राइटचा गेम, लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते. त्यावर सेक्युरॉम नावाचं कुलूप होतं. गेम तीनच कॉम्प्युटरवर ॲक्टिव्हेट करता येणार, चौथ्यांदा हवा असेल तर कंपनीला फोन करून विनवणी करायची. लोकांनी ॲमेझॉनवर हजारोंच्या संख्येने एक-एक तारा देऊन निषेध केला. शेवटी कंपनीने तिनाचे पाच केले. आणि एवढं करून गेम बाजारात येण्याआधीच फुटला होता! त्या वर्षी टॉरेंटवरून सर्वाधिक उतरवलेला गेम म्हणून ‘स्पोर’चंच नाव झालं.

भाची: ‘स्पोर’चं समर्थन मी करणार नाही. आमच्या धंद्यात त्याचं उदाहरण ‘असं करू नका’ म्हणूनच देतात.

मामा: पण लगेच २०१० मध्ये यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने त्याहून वाईट केलंच ना? ‘ॲसॅसिन्स क्रीड २’ कॉम्प्युटरवर आला, तोच मुळी सतत इंटरनेट लागेल अशी अट घालून. गेम एकट्याने खेळायचा, तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी हवी. जोडणी तुटली की गेम बंद, आणि आधी तर शेवटच्या ठरलेल्या टप्प्यापासून पुन्हा खेळायला लागायचं. त्याच वर्षी मार्चमध्ये एका रविवारी त्या सर्व्हरवर हल्ला झाला. सुट्टीचा दिवस, लोकांनी नुकताच गेम घेतलेला, आणि कित्येक तास त्यांना तो उघडता आला नाही.

भाची: बरोबर.

मामा: आता त्या वर्षी आपल्याकडे काय होतं ते आठव. तू लहान होतीस. आपल्या सरकारच्या व्याख्येत २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, ही २००४ची व्याख्या. २०१३ मध्ये ती ५१२ झाली. त्यात लोडशेडिंग. लॅपटॉप बॅटरीवर चालायचा, पण वीज गेली की मोडेम बंद. सांगलीत बसून कुणी तो गेम विकत घेतला असता, तर पैसे पूर्ण देऊनही त्याला रोज तासन्‌तास तो खेळता आला नसता. आणि क्रॅक केलेली प्रत कुणी मिरजेच्या दुकानातून आणली असती, तर ती विनातक्रार चालली असती. मग त्याला विकत घे म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? पॅरिसमध्ये बसून ज्यांनी ही अट घातली, त्यांना आपली लाईन कधी जाते आणि कधी येते हे ठाऊकच नव्हतं.

भाची: यूबीसॉफ्टने ती अट पुढे सोडली, मामा. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की इन्स्टॉल करताना एकदाच ॲक्टिव्हेशन, मग ऑफलाइन खेळता येईल. लोकांच्या रागाचा परिणाम झाला.

मामा: आणि दुसऱ्या कंपनीने २०१३ मध्ये तेच पुन्हा केलं. ‘सिमसिटी’! गाव वसवायचं, रस्ते आखायचे, पाणी-वीज द्यायची, यात एकटा माणूस रमतो. तोही सतत ऑनलाइन. पहिल्या आठवड्यात सर्व्हरच्या रांगेत लोक अडकले, वसवलेली गावं पुसली गेली. कंपनीने सांगितलं की हिशोबाचा मोठा भाग आमच्या सर्व्हरवर होतो, ऑफलाइन करणं जवळजवळ अशक्य आहे. एका हौशी माणसाने फेरफार करून गेम इंटरनेटशिवाय चालवून दाखवला. आणि वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीनेच ऑफलाइन खेळायची सोय दिली. मला सर्व्हर पडल्याचं इतकं वाईट नाही वाटलं. गिऱ्हाइकाला जे सांगितलं, ते टिकलं नाही, त्याचं वाटलं.

भाची: यावर माझ्याकडे उत्तर नाही.

*

‘सिमसिटी’ची ही घटना मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त सलते. सर्व्हर पडतात, माणसं चुकतात, त्याला इलाज असतो. पण एखादी गोष्ट करता येते की नाही हे गिऱ्हाइकाला तपासता येत नाही, त्याला सांगणाऱ्यावर विसंबावं लागतं. तो विसंबणं सोडून देतो, तेव्हा प्रामाणिक कंपन्यांचंही ऐकेनासा होतो. भाचीच्या लहानशा स्टुडिओने उद्या खरं कारण देऊन कुलूप घातलं, तरी लोक तिला ‘सिमसिटी’च्याच पंगतीत बसवतील.

*

भाची: मला एक उलटं उदाहरण देऊ द्या. कुलूपच न घालणारे काय अनुभवतात ते. ‘गेम डेव्ह टायकून’ नावाचा गेम आहे. दोन भावांच्या छोट्या कंपनीने, ग्रीनहार्ट गेम्सने, २०१३ मध्ये काढला. त्यात आपणच एक गेम कंपनी चालवायची असते, गॅरेजमधून सुरुवात करून. किंमत आठ डॉलर. कुलूप काहीच नाही. घेतला की तुमच्या स्वतःच्या तीन मशीनपर्यंत चालवा. तुम्ही म्हणता तसं, गिऱ्हाइकावर पूर्ण विश्वास.

मामा: मग?

भाची: त्यांनी विक्री सुरू केली त्याच दिवशी स्वतःच एक क्रॅक केलेली प्रत टॉरेंटवर सोडली. तिच्यात एक बदल होता. काही तास खेळलं की गेममधली तुमची कंपनी बुडायला लागते, कारण लोक तुमचे गेम चोरतायत. कितीही चांगला गेम बनवा, दिवाळं निघतंच. पहिल्या दिवसाच्या शेवटी त्यांनी मोजलं. अस्सल प्रती खेळणारे २१४. चोरीची प्रत खेळणारे ३,१०४. म्हणजे ९३.६ टक्के. आणि मामा, त्यातल्याच काही जणांनी विचारलं की आमची कंपनी चोरीमुळे बुडतेय, गेममध्ये डीआरएम विकसित करायची सोय आहे का.

मामा: ...

भाची: आठ डॉलरचा गेम होता तो. कुलपाचा त्रास नव्हता, सर्व्हरची अट नव्हती, फोन करायला लागत नव्हता. तुमच्या सगळ्या तक्रारी तिथे आधीच मिटलेल्या होत्या. तरी ३,१०४. म्हणून जेव्हा कुणी मला सांगतं की लोक केवळ डीआरएमच्या रागाने चोरी करतात, तेव्हा मला ते सोसत नाही. बरेच लोक फुकट मिळतंय म्हणून चोरी करतात.

मामा: हे मला मान्य करायला हवं. पण ती कंपनी बुडाली का?

भाची: नाही. पुढे तो गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात आला आणि चांगला विकला गेला.

मामा: बघ. आता मी पोलंडचं सांगतो. नव्वदच्या दशकात तिथे आपल्यासारखंच होतं. बाजारात उघड्यावर कॉपी केलेल्या सीडी. १९९४ मध्ये सुरू झालेली सीडी प्रोजेक्ट ही तिथली कंपनी बाहेरचे गेम आणून विकायची. १९९९ मध्ये त्यांनी ‘बॉल्डर्स गेट’ घेतला. गेम पाच सीडींचा, त्यामुळे चोराला पाच सीडींच्या प्रती काढायला लागायच्या आणि त्याची किंमतही चढायची. यांनी सगळा गेम पोलिश भाषेत आणला, नावाजलेल्या नटांचे आवाज घेतले, खोक्यात नकाशा घातला, जाडजूड पुस्तक घातलं. किंमत नेहमीपेक्षा जास्त ठेवली. पहिल्याच दिवशी १८ हजारांच्या आसपास प्रती गेल्या. जिथे गेम विकत कुणी घेत नाही असं सगळे म्हणायचे, तिथे! चोराकडे जे मिळत नाही, ते यांनी दिलं.

भाची: आणि त्यांनीच पुढे ‘विचर’ बनवला.

मामा: तेच तर. २०११च्या ‘विचर २’च्या दुकानातल्या प्रतीवर सेक्युरॉम होतं, कारण तसा वितरकांशी करार होता. गेम त्यामुळे रखडतो असं दिसताच त्यांनी पहिल्या मोठ्या पॅचमध्ये ते काढून टाकलं. २०१५ चा ‘विचर ३’ तर पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा. तो किती विकला गेला, ते तुला सांगायला नको.

भाची: पण त्याच कंपनीने ‘विचर २’ चोरणाऱ्यांना जर्मनीत वकिलाच्या नोटिसाही पाठवल्या होत्या, हे विसरू नका. लोक चिडले, आणि २०१२च्या जानेवारीत त्यांनी ते थांबवलं. चोरी त्यांनाही लागतेच. आणि ‘विचर’सारखं नाव असलं, तर लोक प्रेमाने पैसे देतात. आमच्या पहिल्या गेमचं नाव कुणाला माहीत असणार? इथे पुण्यातच नॉडिंग हेड्स या स्टुडिओने ‘राजी’ बनवला, २०२० मध्ये. भारतीय पुराणकथांवरचा, जगभर पोहोचलेला. असे गेम इथे अजून निघायला हवेत असं तुम्हीच म्हणता. पहिल्या पावसातच रोप वाहून गेलं, तर पुढच्या वर्षी पेरायला माणूस उरत नाही.

मामा: नुकसान तुझं आहे, हे मी नाकारत नाही. पण ते भरून काढायला तू माझ्या मशीनमध्ये किती आत शिरणार, याला काही हद्द?

भाची: आताची कुलपं ‘स्पोर’सारखी नाहीत. डेनुवो ड्रायव्हर टाकत नाही. गेमच्याच कोडमध्ये गुंतलेलं असतं. ठरावीक काळाने एकदा सर्व्हरशी बोलतं, एरवी ऑफलाइन चालतं. चांगल्या रीतीने बसवलं, तर खेळणाऱ्याला कळतही नाही.

मामा: आणि वाईट रीतीने बसवलं, तर? २०२१ मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’ आला. ठरावीक प्रसंगी, एखादा राक्षस मेला की, गेम अडखळायचा. लोकांनी आपल्याच मशीनला दोष दिला. मग क्रॅक झालेली प्रत आली, आणि ती अडखळेना. गेमची तांत्रिक तपासणी करणाऱ्या डिजिटल फाउंड्रीने दोन्ही प्रती शेजारी ठेवून मोजल्या, तर खरोखर चोरीची प्रत जास्त सुरळीत चालत होती. गेम बनवणाऱ्या कॅपकॉमला पॅच काढावा लागला.

भाची: तिथे डेनुवोवर कॅपकॉमने स्वतःचंही एक कुलूप घातलं होतं. दोष त्या जोडीचा होता.

मामा: खेळणाऱ्याला त्याचं काय? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यांत दोन प्रकारचे कोअर असतात, ताकदीचे आणि काटकसरीचे. काही कुलपांना वाटलं की हा दुसराच कॉम्प्युटर आहे, आणि त्यांनी गेम बंद केले. इंटेलला अशा पन्नासेक गेमची यादी जाहीर करायला लागली. आणि त्याच आठवड्यात डेनुवोच्या एका डोमेनची मुदत संपली. कुणीतरी वेळेवर नूतनीकरण केलं नाही, एवढंच. कितीतरी गेम काही तास उघडेनात. माझं गेमचं कपाट ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याच्या कार्यालयात एक बिल भरायचं राहिलं तर मी बंद.

भाची: तेवढ्यापुरतं. दुरुस्त झालं.

मामा: तेव्हा कंपनी जागेवर होती म्हणून झालं. कंपनीच उठून गेली, तर? ‘द क्रू’चं काय झालं ते तुला माहीत आहे.

*

‘द क्रू’ हा गाड्या पळवायचा गेम, २०१४ चा. त्यात अमेरिकेचा लहान केलेला आख्खा नकाशा होता, आणि एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा. यूबीसॉफ्टने तो सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला, आणि ज्यांनी गेम विकत घेतला होता त्यांच्याकडे न चालणारी फाइल उरली. यातून रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. तिची मागणी साधी आहे: विक्री बंद करा, सर्व्हर बंद करा, पण विकलेला गेम चालत राहील अशा अवस्थेत सोडून जा. युरोपीय संघाकडे द्यायच्या नागरिकांच्या अर्जावर २०२५च्या जुलैमध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये कायदा झाला. डिजिटल वस्तूचा फक्त परवाना मिळत असेल, तर दुकानदाराने ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं, नुसतं ‘विकत घ्या’ असं लिहून भागणार नाही.

कुलपाच्या मागचा सर्व्हर कंपनीला हवा तेव्हा बंद करता येत असेल, तर गिऱ्हाइकाने भरलेली रक्कम हे भाडं आहे. भाडं घ्यायला हरकत नाही. पण मग मुदत आधी सांगायला हवी आणि किंमतही भाड्याची हवी.

*

भाची: ‘द क्रू’बद्दल मला लाज वाटते, मामा. मी असा गेम बनवला असता आणि एक दिवस तो कुठेच चालत नसता, तर माझ्या आयुष्यातली चार वर्षं पुसल्यासारखी वाटली असती. हे आम्हा बनवणाऱ्यांचंही नुकसान आहे, ते कुणी बोलत नाही.

मामा: मग आपला कायदा काय म्हणतो? माझ्या त्या सीडीवरचं कुलूप मी तोडलं, तर मी गुन्हेगार का?

भाची: कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं. हक्कभंग करायच्या हेतूने कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण ‘हेतूने’ हा शब्द त्यात आहे. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं, तर त्याला सूटही आहे. आणि कलम ५२ तर सांगतं की कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, तो प्रोग्राम नष्ट होऊ नये म्हणून राखीव प्रत काढू शकतो. मी वकील नाही, पण वाचून मला असंच वाटतं की आपला कायदा तुमच्या बाजूने बराच झुकलेला आहे.

मामा: पण कायद्याने दिलेली राखीव प्रत काढायला मला कुलूप तोडता यायला हवं. ते मला कुठे येतंय? ते फक्त क्रॅक करणाऱ्याला येतं. म्हणजे हक्क माझा, आणि तो बजावायला मी चोराकडे जायचं.

भाची: हो. तो हक्क कागदावर राहतो.

मामा: मग तूच सांग. तू गेम बनवतेस. तुझ्या हातात असतं, तर काय केलं असतंस?

भाची: मी आतापर्यंत त्या अभ्यासातलं अर्धंच सांगितलं. पहिल्या आठवड्यात क्रॅक झाला, तर २० टक्के नुकसान. पुढे पुढे ते कमी होत जातं. आणि बारा आठवड्यांनंतर गेम क्रॅक झाला, तर कंपनीच्या उत्पन्नावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. ज्यांना पूर्ण किमतीत घ्यायचा होता, त्यांनी तोवर घेतलेला असतो. व्होल्कमनने स्वतःच लिहिलंय की तीन महिन्यांनी कुलूप काढलं, तरी कंपन्यांचं नुकसान होणार नाही.

मामा: तीन महिने! आणि माझ्या सीडीवर ते वीस वर्षं बसलंय.

भाची: म्हणून मी आमच्या स्टुडिओत हेच मांडणार आहे. पहिले बारा आठवडे कुलूप राहू दे, त्यात आमचे पगार आहेत. तेराव्या आठवड्यात पॅच काढून ते कायमचं काढायचं. आणि हे गेम विकायच्या पानावर आधीच तारखेसह लिहायचं.

मामा: त्या बारा आठवड्यांत मला त्रास झाला तर?

भाची: होऊ शकतो. तेवढा तुम्ही आमच्यासाठी सोसावा, असं मी मागते आहे. नको वाटलं, तर तीन महिने थांबा आणि मग घ्या. कमी पैशात मिळेल, आणि बिनकुलपाचा.

मामा: थांबेन. तारीख लिहिलेली असेल, तर थांबायला माझी काही हरकत नाही.

भाची: पण एक कबूल करा. मधल्या तीन महिन्यांत शेजारच्या मुलाकडून पेनड्राइव्ह आणायचा नाही.

मामा: मी कधी आणला नाही, अगं. आता त्यालाही सांगेन.

*

भाचीने सुचवलेलं काही हवेतलं नाही. ‘डूम’ मे २०१६ मध्ये आला आणि त्याच डिसेंबरमध्ये त्यावरचं डेनुवो काढून टाकलं. ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’वरचंही २०२३ मध्ये निघालं. ‘राइम’च्या कंपनीने तर २०१७ मध्ये आधीच सांगितलं होतं की गेम क्रॅक झाला तर कुलूप काढू, तो पाच दिवसांत क्रॅक झाला, आणि त्यांनी शब्द पाळला. या कंपन्यांना हे जमलं, तर बाकीच्यांना न जमण्याचं कारण दिसत नाही. पण त्यांनी ते आपल्या मर्जीने केलं, आणि बहुतेकांनी तारीख आधी सांगितली नव्हती. मर्जीवर चाललेली गोष्ट उद्या उलटही फिरते. २०२४ च्या जानेवारीत कॅपकॉमने ‘रेसिडेंट ईव्हिल रेव्हलेशन्स’ या कित्येक वर्षं जुन्या गेमवर नवं कुलूप चढवलं, आणि गेम बिघडल्याची ओरड झाल्यावर ते मागे घेतलं. जुन्या गेमवर कुलूप चढवून कुणाचा पगार निघणार होता?

माझं मत भाचीच्या बाजूने सुरू होतं आणि मामांच्या बाजूला येऊन थांबतं. गेम बनवणाऱ्याला पहिल्या तीन महिन्यांचं संरक्षण मिळायला हवं, आणि आपण खेळणाऱ्यांनी ते मान्य करायला हवं. त्यानंतर कुलूप ठेवणं हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे, मग कंपनी पुण्याची असो की पॅरिसची.

तुम्ही गेम घेत असाल, तर एवढं करा. स्टीमवर पैसे भरण्याआधी गेमच्या पानावर उजव्या बाजूला बाहेरच्या डीआरएमची सूचना आहे का, ते पाहा. किती मशीनवर ॲक्टिव्हेशन चालेल, तेही बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं. तोच गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात असेल, तर तिथून घ्या, कारण तिथले गेम बिनकुलपाचे असतात आणि इन्स्टॉलरची फाइल आपल्याकडे जपून ठेवता येते. कुलूप असलेला गेम घ्यायचाच असेल, तर घ्या, आणि कंपनीला एका ओळीत विचारा: हे कुलूप कधी काढणार? क्रॅक केलेली प्रत मात्र उतरवू नका. ‘गेम डेव्ह टायकून’च्या पहिल्या दिवसाचे ते आकडे कंपन्यांनीही वाचलेले आहेत, आणि पुढचं कुलूप घालताना त्या तेच पुढे करतात.